एआयच्या सोलो पियानोत विरत्या सुरामागून येणारी किणकिण: कुठून येते आणि कशी घालवायची

सूर वाजतो तेव्हा पियानो अगदी खरा वाटतो. मग तो विरायला लागतो आणि सेकंद-दीड सेकंदानं त्याच्या मागून बारीक किणकिण सुरू होते, पत्र्यावरून वाळू सरकावी तशी. संथ, हळव्या तुकड्यांत ती जास्त छळते, कारण तिथं दोन सुरांमध्ये मोकळी जागाच जास्त असते. तोच प्रॉम्प्ट (एआय संगीत-सेवेला दिलेलं वर्णन) पुन्हा चालवला की धून बदलते, किणकिण मात्र तशीच राहते. दहा वेळा जनरेट करून क्रेडिट संपवण्याआधी दोष नेमका कुठे बसलाय ते बघा. बहुतेक वेळा तो धुनेत नसतो, आवाजाच्या बांधणीत असतो. म्हणून पुन्हा जनरेट करून तो जात नाही.

पियानोच असा का उघडा पडतो

पियानोत हातोडी तारेवर एकदा आदळली की पुढचं सगळं तारेवर आणि पेडलवर सोपवलेलं असतं. मधल्या आणि वरच्या पट्टीतल्या प्रत्येक सुराला तीन तारा असतात. सुरुवातीला तिन्ही एकजुटीनं हलतात, त्यांची ताकद झटकन साउंडबोर्डमध्ये उतरते आणि आवाज भरभर खाली येतो. मग त्या एकमेकींपासून किंचित सुटतात आणि उरलेला सूर बराच वेळ, हळू विरत राहतो. सतारीच्या भाषेत सांगायचं तर ही पियानोची आस. तिच्यात वरचे उपस्वर आधी जातात, खालचे मागे रेंगाळतात. हळव्या सोलो पियानोचा अर्धा परिणाम या आसेत असतो आणि तयार आवाज बनवणारी एआय मॉडेल नेमकी तिथंच कमी पडतात.

यातली बहुतेक मॉडेल आवाजाची लाट थेट लिहीत नाहीत. आधी आवाजाचे आकडे करतात, नवे आकडे भाकीत करतात आणि शेवटी त्यांचा पुन्हा आवाज करतात. मेटाचं २०२३ चं म्युझिकजेन खुलं असल्यामुळे त्याचा हिशेब मांडता येतो. त्यात सेकंदाला ५० चौकटी आणि प्रत्येक चौकटीत ४ आकडे असतात, आणि प्रत्येक आकडा २०४८ पर्यायांतला एक, म्हणजे ११ बिटांचा. गुणाकार केला तर सेकंदाला २२०० बिट. तोच ३२ किलोहर्ट्झचा मोनो आवाज १६ बिटांत तसाच ठेवला तर ५,१२,००० बिट लागतात. एवढ्या आवळलेल्या जागेत ठोका, मुख्य सूर, ताल असं मोठं सामान आधी भरलं जातं. उणे ४५ डेसिबलवर विरणारा सहावा-सातवा उपस्वर शेवटी उरतो आणि दर २० मिलिसेकंदांनी अंदाजानं भरला जातो. एका चौकटीत थोडा जास्त, पुढच्यात थोडा कमी. सरळ विरायला हवी ती रेघ थरथरते आणि ती थरथर कानाला किणकिण म्हणून ऐकू येते.

ड्रम, बेस, गाणं असलं की हे सगळं झाकलं जातं. एकट्या पियानोला झाकायला कुणीच नसतं.

आधी दहा मिनिटांची तपासणी

एमपीथ्रीवर काही ठरवू नका. सेवेतून वेव्ह फाइल मिळत असेल तर तीच घ्या. कमी बिटरेटची एमपीथ्री स्वतःच ठोक्याआधी फुसफुस आणि वरच्या पट्टीत खळखळ आणते, आणि ती किणकिणीत मिसळली की कुणाचं काय ते कळत नाही. ऐकताना ब्लूटूथ बाजूला ठेवा आणि वायरचे हेडफोन लावा.

फाइल ऑडॅसिटी या फुकट संपादकात उघडा, ट्रॅकच्या नावावरच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या कंपनसंख्यांचं चित्र) निवडा आणि त्याच्या सेटिंगमध्ये विंडो साइझ ४०९६ ठेवा. आता एखादा लांब, एकटा सूर शोधा. तुकड्याचा शेवट किंवा वाक्यामधली विश्रांती बरी पडते. खऱ्या पियानोत आडव्या सरळ रेघा दिसतात आणि वरच्या रेघा आधी पुसट होत जातात, शंकूसारख्या. दोष असलेल्या फाइलमध्ये ५ ते १२ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात रेघांऐवजी ठिपक्यांचं धुकं दिसतं. सूर खाली गेला तरी ते तसंच राहतं, उलट मधूनच उसळी मारतं. बरोबर १६ किलोहर्ट्झवर सुरीनं कापल्यासारखी कड दिसली तर आवाज ३२ किलोहर्ट्झवर बनलाय किंवा कुठंतरी कमी बिटरेटच्या एमपीथ्रीतून गेलाय. ही कड म्हणजे किणकिण नव्हे, तिच्यामुळे आवाज फक्त थोडा बंद वाटतो. दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात म्हणून लोक गल्लत करतात.

मग ट्रॅक मोनो करून ऐका. किणकिण निम्म्यावर आली तर ती मुख्यतः डाव्या-उजव्या बाजूंच्या फरकात आहे आणि थोडक्यात सुटण्यासारखी आहे. जशीच्या तशी राहिली तर मुळातच मुरलेली आहे.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारा: सेवेच्या पानावर ऐकताना तुकडा ठीक होता आणि मास्टरिंगनंतर (शेवटी आवाज मोठा आणि सारखा केल्यावर) बिघडला का? तसं असेल तर दोषी लिमिटर आहे, म्हणजे आवाज ठरावीक छताच्या वर जाऊ न देणारं साधन. ठोका उणे १ डेसिबलवर आणि आस उणे ४० वर आहे असं धरा. आवाज मोठा करायला लिमिटरमधून ८ डेसिबल रेटलेत तर ठोका छताला लागून जवळपास तिथंच राहतो आणि आस उणे ३२ वर येते. सोबत किणकिणही ८ डेसिबलनं वर. मास्टरिंगनंतर आवाज खराब झाल्याच्या बऱ्याच तक्रारींची मुळं इथं सापडतात.

प्रॉम्प्टमध्ये काय बदलायचं

प्रॉम्प्टनं किणकिण पूर्ण जात नाही, पण कमी करता येते. 'इमोशनल', 'सिनेमॅटिक', 'इथीरियल', 'अँबियंट' हे शब्द काढा. मॉडेलनं ते शब्द ज्या आवाजांसोबत शिकलेत त्यांत पियानोमागे सिंथचा पडदा, व्हायोलिनचा थर आणि लांबलचक रिव्हर्ब (खोलीची घुमण) असतो. रिव्हर्बची शेपटी म्हणजे आणखी एक विरणारा आवाज, म्हणजे किणकिणीला आणखी जागा. भाव विशेषणांतून मागण्यापेक्षा वाजवण्यातून मागा: 'सोलो पियानो, ड्राय, क्लोज माइक, स्लो, ६६ बीपीएम, ए मायनर, स्पार्स लेफ्ट हँड, सॉफ्ट डायनॅमिक्स'. ए मायनरचा सा म्हणजे आपल्या पेटीवर पांढरी सहा. हे शब्द सेवेत इंग्रजीतच टाकावे लागतात. मराठीत लिहिलं तर बहुतेक सेवा भलतीकडेच जातात. राग मागू नका. 'यमन' लिहिलं की फार तर तीव्र मध्यम मिळतो, चलन मिळत नाही. मींड तर पियानोवर मुळातच नाही.

'नो स्ट्रिंग्ज' असं वर्णनातच लिहिलं तर पुष्कळदा स्ट्रिंग्जच येतात, कारण नकार हरवतो आणि शब्द उरतो. सुनो या एआय संगीत-सेवेत वगळायच्या गोष्टींसाठी वेगळी चौकट आहे. स्ट्रिंग्ज, पॅड, सिंथ, कॉयर, व्होकल्स, ड्रम्स हे सगळं तिच्यात टाका आणि इन्स्ट्रुमेंटलचं बटण चालू ठेवा.

'फेल्ट पियानो' हा शब्द दुधारी आहे. उभ्या पियानोत बऱ्याचदा मधलं पेडल दाबलं की हातोडी आणि तारांच्या मध्ये नमद्याची पट्टी उतरते आणि वरचे उपस्वर दबतात, म्हणजे किणकिणीचं घरच लहान होतं. पण मॉडेल त्यासोबत पट्ट्यांची खटखट आणि खोलीची सरसर आणतं आणि आस विरताना तीच चुरचुरू लागते. वरची पट्टी पुढे कापणारच असाल तर 'फेल्ट' लिहा, नाहीतर नको.

एक्स्टेंड करताना, म्हणजे तुकडा पुढे वाढवताना, जपून. पुढचा भाग बनवताना मॉडेलसमोर त्याचाच आधीचा आवाज असतो आणि त्यातली घाणही ते सूर समजून पुढे नेतं. पहिलं मिनिट स्वच्छ, दुसरं बरं, चौथं गढूळ असा उतार दिसला तर हेच घडतंय. स्पेक्ट्रोग्रामवर धुकं जिथं सुरू होतं त्याच्या आधीची शेवटची विश्रांती शोधा आणि एक्स्टेंड तिथून लावा. वाजत्या सुराच्या मध्ये जोड दिलीत तर सांध्यावर पेडल एकदम सुटल्यासारखं वाटतं.

आवाजावरच्या मलमपट्ट्या

मोनोत किणकिण कमी झाली होती का? मग मिड-साइड (दोन्ही बाजूंचं सामाईक आणि त्यांच्यातला फरक वेगळा धरून) चालणारा इक्वलायझर घ्या आणि फक्त साइडमध्ये ५ किलोहर्ट्झच्या वर ६ डेसिबल उतार द्या. स्टीरिओचा पसारा किंचित आवळला जातो, ऐकणाऱ्याला कळतही नाही. मुरलेल्या किणकिणीसाठी डायनॅमिक इक्वलायझर लावा: ५ ते ९ किलोहर्ट्झ, कमाल कपात ३ ते ४ डेसिबल. पण नेहमीच्या उलट, म्हणजे आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेल्यावर कापणारा हवा. ठोक्याच्या वेळी पट्टा मोकळा, आस विरताना दाबलेला. नेहमीसारखा लावलात तर ठोके बोथट होतात आणि किणकिण शाबूत राहते.

नॉइज रिडक्शन वापरू नका. ते स्थिर सरसरीसाठी आहे, आणि ही किणकिण स्थिर नसते. प्रोफाइल घेऊन जोरात चालवलंत तर ते स्वतःची टिकटिक करणारी बुडबुडी पैदा करतं आणि एका दोषाचे दोन होतात.

फेल्टसारख्या मऊ तुकड्यात सरळ लो-पास (वरच्या कंपनसंख्या कापणारी चाळणी) लावता येतो. ८८ पट्ट्यांच्या पियानोतला सगळ्यात वरचा सूर ४१८६ हर्ट्झचा आहे, म्हणजे ८ किलोहर्ट्झच्या वर फक्त उपस्वर, हातोडीचा ठोका आणि हवा उरते. १२ डेसिबल प्रति सप्तक असा सौम्य उतार ठेवा. कडक काप दिलात तर ब्लँकेटखालून ऐकल्यासारखं होतं.

एवढं करूनही विश्रांतीत कान तिकडेच जात असतील तर आवाज घासत बसू नका. धून ठेवा, आवाज टाकून द्या.

पक्की दुरुस्ती: सूर मिडीत काढून पुन्हा वाजवणं

मिडी म्हणजे आवाज नव्हे, कुठली पट्टी कधी आणि किती जोरानं दाबली याची नोंद. ही वाट लांब आहे, तीन मिनिटांच्या तुकड्याला दोन-तीन तास लागतात. पण किणकिण मुळासकट जाते, कारण शेवटी आस खऱ्या पियानोच्या नमुन्यांची असते.

आधी पट्टी तपासा. एआयचा आवाज ए४ = ४४० हर्ट्झवर असेलच असं नाही. मिडीत काढणारं साधन प्रत्येक सूर जवळच्या पट्टीवर ढकलतं. तुकडा ४०-५० सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढलेला असेल तर एकच सूर कधी या पट्टीवर, कधी शेजारच्या पट्टीवर पडतो आणि सगळी मिडी फाटकी येते. ट्यूनरवर दोन-तीन लांब सूर बघा आणि फरक १५ सेंटपेक्षा जास्त असेल तर आधी पिच सरळ करा.

मग साधन निवडा. स्पॉटिफायचं बेसिक पिच ब्राउझरमध्ये चालतं आणि सोपं आहे, पण ते कुठल्याही वाद्यासाठी बनलंय. पेडल देत नाही, आणि पिच बेंड देतं, जे पियानोत असूच शकत नाहीत. ते बंद करा. बाइटडान्सचं पियानो ट्रान्स्क्रिप्शन खास पियानोचं आहे आणि सूर, जोर व सस्टेन पेडल तिन्ही काढतं. पायथनमध्ये चालवावं लागतं, एवढाच त्रास. ते मास्ट्रो या संग्रहावर शिकलंय: सुमारे २०० तासांचं स्पर्धेतलं वादन, यामाहाच्या डिस्क्लाव्हियर पियानोवर पट्ट्या आणि पेडलसकट नोंदलेलं, आवाजाशी साधारण ३ मिलिसेकंदांच्या अचूकतेनं जुळवलेलं. शिवाय ते आवाज १६ किलोहर्ट्झवर उतरवून ऐकतं, म्हणजे ८ किलोहर्ट्झच्या वरची किणकिण त्याच्या कानावरच जात नाही.

आलेली मिडी रीपरमध्ये किंवा कुठल्याही डीएडब्ल्यूमध्ये (संगीत संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडा. पहिली सफाई भुतांची, म्हणजे कुणी न वाजवलेल्या सुरांची. १५ पेक्षा कमी व्हेलॉसिटीचे (जोराच्या आकड्याचे) आणि ५० मिलिसेकंदांहून आखूड सूर निवडून एकदम उडवा. त्यानंतरची भुतं हातानं शोधावी लागतात. डाव्या हाताचा खालचा सूर जोरात वाजला की त्याचे उपस्वर वेगळे सूर म्हणून नोंदले जातात: १२, १९ किंवा २४ अर्धस्वर वर, त्याच क्षणी, दबक्या जोरानं. सी२ वाजला आणि त्याच वेळी २२ व्हेलॉसिटीचा जी३ आला, तर तो जी३ बहुधा कुणी वाजवलेलाच नाही. काढून ऐका, काही कमी वाटलं नाही तर गेला.

मग हात तपासा. हे काम लोक वगळतात, आणि मग आवाज खरा असूनही वादन खोटं वाटतं. मॉडेलला माणसाला दोनच हात आहेत हे माहीत नसतं. डावीकडे सी२, जी२ आणि ई३ एकदम दाबलेले दिसले तर तो १६ अर्धस्वरांचा ताण आहे. बहुतेकांचा हात १२ ते १४ अर्धस्वरांत संपतो. असे स्वर एकापाठोपाठ ४०-५० मिलिसेकंदांच्या अंतरानं सोडा, पेडल त्यांना धरून ठेवतं.

आता जोर. मुख्य धून ६२ ते ७४ आणि साथ ४० ते ५२ इथून सुरुवात करा. ९५ च्या वर गेलात की नमुन्यांमधला कडक ठोक्याचा थर उघडतो आणि हळवेपण जातं. वेळेत फार हात घालू नका. ६६ च्या लयीत एक मात्रा ९०९ मिलिसेकंदांची असते. खरा वादक धुनेचा सूर साथीच्या सुरांपेक्षा साधारण ३० मिलिसेकंद आधी वाजवतो, कारण जोरात दाबलेल्या पट्टीची हातोडी आधी पोचते. शंभर टक्के क्वांटाइझ केलंत, म्हणजे प्रत्येक सूर मात्रेच्या रेषेवर नेऊन बसवलात, की हा ३० मिलिसेकंदांचा श्वास मरतो आणि तुकडा मोबाइलच्या रिंगटोनसारखा वाजतो. लय फारच हेलकावत असेल तर क्वांटाइझची ताकद ३० टक्के ठेवा, आणि तीही फक्त साथीवर.

पेडल म्हणजे मिडीतला कंट्रोलर ६४. साधनानं काढलेलं पेडल आधाराला घ्या, पण कॉर्ड बदलण्याची प्रत्येक जागा हातानं बघा. नियम साधा आहे: नवी कॉर्ड वाजते त्या क्षणी पेडल शून्यावर, आणि ८० ते १५० मिलिसेकंदांनी पुन्हा १२७ वर. शून्य आधी आलं तर सुरांत भोक पडतं. पुन्हा दाबणं लवकर झालं तर जुनी कॉर्ड नवीत सांडते, आणि तो चिखल ऐकून माणूस परत एआयच्या आवाजाला दोष देतो.

वाजवायला फुकटातला भरवशाचा पियानो म्हणजे सॅलामँडर ग्रँड: यामाहा सी५ चे नमुने, जोराचे १६ थर. स्फोर्झांडो या फुकट प्लेअरमध्ये तो उघडतो. पॉलिफोनी (एकाच वेळी वाजू शकणाऱ्या सुरांची मर्यादा) १२८ च्या खाली ठेवू नका. पेडल दाबलेलं असताना प्रत्येक नवा सूर जुन्यांवर साचत जातो. ३२ ची मर्यादा असेल तर सगळ्यात जुना सूर, म्हणजे नेमका खालचा लांब बास, गुपचूप बंद केला जातो. 'मध्येच बास गायब होतो' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

रिव्हर्ब शेवटी आणि थोडा: दीड सेकंदाची खोली, २० मिलिसेकंद प्री-डिले, मिश्रण १० ते १२ टक्के.

याच गटातले आणखी दोन त्रास

मिनिटभरानं आपोआप व्हायोलिन येतात. वगळण्याची चौकट वापरूनही आले तर तेवढाच भाग कापून आधीच्या विश्रांतीपासून एक्स्टेंड करा. डेमुक्ससारख्या साधनानं पियानो वेगळा काढायचा मोह होतो, पण त्याच्या सहा भागांच्या मॉडेलचा पियानो कच्चा आहे आणि त्यातून नवीच पाणेरी किणकिण येते. मिडी करणार असाल तर तेवढी चालून जाते, थेट ऐकवायला नाही.

तुकडा वाक्याच्या मध्येच तुटतो. सुनोच्या शब्दांच्या चौकटीत चौकोनी कंसात 'आउट्रो' आणि 'एंड' लिहिलं तर बऱ्याचदा नीट संपतो. नाही संपला तर मिडीच्या वाटेवर हा प्रश्न दोन मिनिटांचा आहे: शेवटची कॉर्ड लांबवा, पेडल धरून ठेवा आणि फाइलच्या शेवटी ८ ते १० सेकंद मोकळे सोडा. फेड-आउट लावू नका. खऱ्या आसेवर फेड ठेवला की शेवट पुन्हा बनावट वाटतो.

बाहेर काढताना

सोलो पियानो उणे १८ ते उणे १६ एलयूएफएसवर (ऐकू येणाऱ्या सरासरी पातळीचं माप) ठेवा, शिखर उणे १ डेसिबल ट्रू पीक. स्पॉटिफाय मूळ पातळी उणे १४ च्या आसपास आणतं, आणि हळू तुकडा शिखराला जागा असेल तेवढाच वर उचलतं. यूट्यूब मोठा आवाज खाली आणतं, हळू आवाज वर उचलत नाही. म्हणून उणे १४ गाठायला लिमिटर रेटू नका. थोडा हळू वाजला तरी चालेल. फाइल वेव्ह किंवा फ्लॅक म्हणूनच चढवा. एमपीथ्रीतून संपादन, पुन्हा एमपीथ्री, वर प्लॅटफॉर्मचं स्वतःचं दाबणं असे तीन थर झाले की स्वच्छ सॅलामँडरच्या आसेतही किणकिण परत दिसते. चढवल्यानंतर प्लॅटफॉर्मवरून ती फाइल वायरच्या हेडफोनवर ऐका, आणि सगळी नाही, फक्त शेवटचे दहा सेकंद.